हँडलखालची चीर

वाशिम जिल्ह्यातल्या रिठदच्या अलीकडं डांबरी सोडून आत वळलं की दोन-अडीचशे घरांचं एक गाव लागतं, आणि गावात शिरताच रत्नमाला खिल्लारेची पिठाची गिरणी. गावात गिरणी ती एकच. नवरा गेला तेव्हा रत्नमाला तिशीतली, आणि पोरगी राखी तिसरीत शिकत होती. माहेरून भावानं जुनी चक्की आणून दिली, पट्टा चढवायला शिकवलं, आणि तेव्हापासून ती एकटीच गिरणी चालवते. दगडांना टाकी मारायची, बेअरिंगला वंगण द्यायचं, मोटार गरम झाली की हात लावून ओळखायचं, हे सगळं ती आता झोपेतही करील.

गावातल्या सगळ्यांचं दळण ती दळायची. फक्त गोपीचंद इंगोलेच्या घरचं नाही. त्याची बायको गंगू डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन या गिरणीसमोरूनच रिठदला जायची आणि पीठ घेऊन याच वाटेनं परत यायची. उन्हाळा असो की चिखल. रत्नमाला तेव्हा मान वर करून बघायची नाही. का, ते गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. रत्नमालाच्या नवऱ्याला, रवीला, गोपीचंदच्या ट्रॅक्टरनं उडवलं होतं.

रवी रिठदच्या शाळेत शिपाई होता आणि सायकलचा वेडा होता. अनसिंगच्या एका रिटायर झालेल्या गार्डकडून त्यानं एक जुनी विलायती रेसर सायकल आणली होती. खाली वाकलेलं हँडल, बोटाएवढे बारीक टायर, आणि वजन इतकं कमी की छोटी राखीसुद्धा एका बाजूनं उचलायची. रोज पहाटे तो ती घेऊन डांबरीवर निघायचा आणि घामानं निथळत परत यायचा. सोयाबीनचा हंगाम चालू असताना एका सकाळी तो परत आला नाही. नाल्याच्या उतारावर लोकांना रक्त सांडलेलं दिसलं, आणि तिथंच सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टर गोपीचंदचा. त्यानंच एक काळीपिवळी जीप थांबवून रवीला दवाखान्यात नेलं होतं, पण पोचायच्या आत सगळं संपलं.

गोपीचंद दवाखान्यातून परत आला तोवर गावानं ठरवून टाकलं होतं. रवीचा मोठा भाऊ जानराव यानं ट्रॅक्टरचे दिवे फोडले, गोपीचंदला मारलं. गोपीचंद एकच सांगत राहिला, "मी नाही लावली. थो माह्यापुढं होता, आपोआप पडला." चांगल्या रस्त्यावर, धडधाकट माणूस आपोआप कसा पडेल? कोर्टात रत्नमालानंही त्याच्याकडं बोट दाखवलं. तिनं काहीच पाहिलं नव्हतं, पण तिला खात्री होती. पुढं पुरावा नाही म्हणून तो सुटला. सुटला म्हणजे तुरुंगातून वाचला इतकंच. त्याला पुन्हा कुणी ट्रॅक्टर दिला नाही, आणि त्यानंही मागितला नाही. तो लोकांच्या वावरात मजुरीला जाऊ लागला.

या उन्हाळ्यात रत्नमालानं मिरची कांडायचं मशीन घ्यायचं ठरवलं. शेडमध्ये जागा करायची म्हणजे भिंतीला टांगलेली सायकल काढावी लागणार होती. अकरा वर्षं ती तिथंच होती, बारदान्यात गुंडाळलेली. राखी आता अकोल्याला नर्सिंग शिकते. ती सुट्टीत आली असताना म्हणाली, "आई, अशा सायकली लोक हुडकून हुडकून घेतात." तिनं फोटो काढून मोबाईलवर टाकला आणि ती अकोल्याला परत गेली. वाशिमहून मोहनसिंग चव्हाण नावाच्या माणसाचा फोन आला. कॉलेजात पोरांना खेळ शिकवणारे सर. जुन्या रेसर सायकली गोळा करून, दुरुस्त करून चालवायचा त्यांना छंद होता.

ते मोटारसायकलवर आले. डब्यात नट खोलायचे पाने, चिंध्या, तेलाची बाटली. रत्नमाला तेव्हा कुणाचा तरी गहू दळत होती. तिनं सायकल दारात आणून ठेवली आणि आधीच सांगून टाकलं.

"सर, लपवत नाही. अॅक्सिडेंटमधली हाय. ट्रॅक्टरनं मांगून ठोकलेली. बारा हजार सांगतलेत, पन पाहून घ्या."

सर आधी काही बोलले नाहीत. त्यांनी सायकल एका हातानं उचलून तोलली, जमिनीवर उताणी ठेवली, मागचं चाक फिरवलं. चाक सरळ फिरत राहिलं, जराही डुललं नाही. त्यांनी खिशातून सुतळी काढली, हँडलच्या नळीला वेढा देऊन दोन्ही बाजूंनी मागच्या चाकापर्यंत ताणली आणि दोन्हीकडचं अंतर बघितलं. मग फ्रेमच्या नळ्यांवरून बोट फिरवत गेले, रंगावर कुठं सुरकुती आहे का ते बघत.

"सात देतो ताई," ते म्हणाले. "टायर गेले, चेन गेली, हँडल लटलटते. फ्रेम मात्र झकास हाय."

"दहाच्या खाली नाही. फ्रेम झकास हाय म्हनता, मंग सात कायले?"

सर हसले. "बरं, साडेसात. पन येक सांगू का? हे ठोकलेली नाही."

"काय?"

"मांगून ट्रॅक्टरनं ठोकली असती त मांगचं चाक पापडावानी झालं असतं. फ्रेम वाकली असती. इथं तर सूतभर फरक नाही. तुमाले कोनी उगाच सांगतलं."

रत्नमाला सायकलीजवळ येऊन उभी राहिली. "कोनी उगाच नाही सांगतलं. माहा नवरा गेला हिच्यावर."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "माफ करा ताई. मले माहीत नोतं." मग सवयीनंच म्हणा किंवा काहीतरी करायचं म्हणून म्हणा, त्यांनी सायकल सुलटी केली, पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल वळवलं. हँडल वळलं, चाक हललं नाही.

"हे तवापासूनच असं हाय," रत्नमाला म्हणाली. "पंचनाम्यात लिवलं होतं, पडल्यानं हँडल निसटलं."

"निसटलं असंन त नट पिळून आवयता येईन. पाहू?"

ती मानेनंच हो म्हणाली. सरांनी वरचा मोठा नट सैल केला, तेल सोडलं, हँडल धरून हळूहळू वर ओढलं. हँडलची दांडी वर आली, आणि दांडीभोवती अंगठीसारखा अडकलेला, हँडलला पुढच्या चाकाशी जोडणाऱ्या नळीचा तुकडाही वर आला. उरलेली नळी पुढच्या चाकासकट खाली घसरून जमिनीवर पडली.

सरांनी तो तुकडा चिंधीनं पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला आणि पुन्हा उजेडात धरला.

"काय झालं?" रत्नमालानं विचारलं.

"कसं सांगू ताई..."

"सांगा."

त्यांनी तुकड्याची तुटलेली कड तिच्यापुढं धरली. कडेचा बराचसा भाग गुळगुळीत, काळा, वंगण मुरलेला होता. एका बाजूला फक्त नखाएवढा भाग खरबडीत होता, करवतीच्या दातांसारखा.

पुढचं सरांना सांगावं लागलं नाही. मागच्या वर्षी गिरणीचा शाफ्ट तुटला होता तेव्हा रिसोडच्या मिस्त्रीनं तिला अशीच कड दाखवली होती. हे गुळगुळीत आहे ते जुनं, म्हणाला होता तो. चीर कधीची पडलेली असते, आतल्या आत घासून घासून गुळगुळीत होते. खरबडीत आहे तेवढंच त्या दिवशी तुटलं. तुमचा शाफ्ट महिनाभर एवढ्याशा लोखंडावर फिरत होता बाई, नशीब समजा.

रत्नमालानं तुकडा हातात घेतला. त्या खरबडीत भागावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे आदीच तुटलं होतं," ती म्हणाली.

"हौ. आतून. बाहेरून दिसतच नाही, वरून फ्रेमची नळी असते ना. जुन्या सायकलीत याच जागी चीर पडते. उतारावर जरा दचका बसला असंन, अन् राह्यलेलं सुटलं. हँडल हातात अन् चाक मोकयं. माणूस तोंडावरच जाते. कोनी धक्का द्यायची गरजच नाही."

शेडमधून जळका वास येऊ लागला. वरचा गहू कधीच संपला होता आणि दगडावर दगड कोरडाच घासत होता. एवढ्या वर्षांत रत्नमालानं असं एकदाही होऊ दिलं नव्हतं. तिला वासही आला नाही. सरच धावत आत गेले आणि त्यांनी बटण बंद केलं. पट्टा फडफडत थांबला.

ते बाहेर आले तेव्हा ती दारातच मातीत बसली होती. मांडीवर तो तुकडा.

"पानी देऊ का ताई?"

"मंग थो खरं सांगत होता," रत्नमाला म्हणाली. सर कोण खरं सांगत होता ते विचारणार, तेवढ्यात तीच बोलू लागली. गोपीचंद, ट्रॅक्टर, कोर्ट, सगळं. गंगूचं रिठदला जाणारं दळण. बोलताना तिचा आवाज सपाट होता, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगत होती.

ऐकून झाल्यावर सरांनी खिशातलं पाकीट काढलं. मग म्हणाले, "दहा घ्या. जास्त काही बोलत नाही मी."

"नको. सातच द्या," ती म्हणाली. "पन माह्यासंगं चाला. आता जे मले सांगतलं थे त्याच्या दारात सांगा."

"ताई, मी बाहेरचा माणूस. तुमच्या गावच्या भानगडीत..."

"म्हनूनच चाला. माहं कोन ऐकीन? मीच त बोट दाखवलं होतं."

सर कचरले. मोटारसायकलीकडं बघितलं. मग त्यांनी चाकासकट ती खालची नळी उचलली आणि तिच्यामागं निघाले.

गोपीचंदचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो नुकताच कामावरून येऊन अंगणात पाय धूत होता. रत्नमाला फाटकातून आत आलेली बघून त्याच्या हातातला मग तसाच राहिला. गंगू दारात आली आणि जागच्या जागी थिजली.

रत्नमालाला वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. तिनं तुकडा पुढं केला. सरांनीच बोलायला सुरुवात केली. दोन्ही तुकडे एकमेकांना लावून दाखवले, मागचं चाक किती सरळ आहे ते सांगितलं, गुळगुळीत कड दाखवली, खरबडीत कड दाखवली. "या सायकलीले कोनाचा धक्का लागलाच नाही," ते म्हणाले. "थे आपोआप तुटली."

गोपीचंद ऐकत होता, पण त्याच्याकडं बघून वाटत होतं की शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. तो ओल्या पायांनीच ओट्यावर बसला.

"म्हंजे मी नाही मारलं?" त्यानं विचारलं.

"तुमी त सांगतच होते ना भाऊ, नाही म्हनून," रत्नमाला म्हणाली.

"सांगत होतो. पन किती दिवस सांगू वो वहिनी? सारं गाव म्हने लावली. मंग मलेच वाटाले लागलं, लागलाच असंन कोपरा. मले कयलं नसंन. अंथरुनावर पडलो का डोयापुढं त्याले ठोकतो मी. रोज. आता तर खरं काय झालतं थे मलेच आठवत नाही."

आणि तो रडायला लागला. मोठ्यानं नाही. तोंड उघडं, आणि आवाज नाही.

गंगू मात्र ओट्यावरून खाली उतरली. "आता आली तू?" ती रत्नमालाच्या अगदी जवळ येऊन म्हणाली. "येवढी वर्सं तुह्या दारावरून गेली मी गाठोडं घेऊन. पोटात पोर होती तवाबी गेली. तुनं मान वर केली नाही. अन् आता लोखंडाचा तुकडा घेऊन आली?"

"चुकलं माहं."

"चुकलं म्हनून मी काय करू?"

रत्नमालानं हात जोडले, आणि ती जायला वळली.

"वहिनी," मागून गोपीचंद म्हणाला. "थो बोलत होता."

रत्नमाला थांबली. "कोन?"

"रवी. जीपमधी. डोकं माह्या मांडीवर होतं."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दवाखान्यानं सांगितलं होतं, आणलं तेव्हाच गेलेला होता. सगळे म्हणाले, जागेवरच गेला. तीही मनाला तेच समजावत आली होती की त्याला काही कळलं नाही.

"बोलत होता?" ती मागं फिरून ओट्याजवळ आली. "मंग... मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"वकील म्हने, बोलत होता म्हनशीन त इचारतीन, कोनं ठोकलं थे त्यानं काय सांगतलं? अन् थ्यानं त तसं काही सांगतलंच नोतं. म्हने, नसलेलं झेंगट होईन, गप राह्य. तुले सांगाले आलतो मी, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदनेले सारे जमले होते तवा. जानरावनं फाटकातूनच हाकललं. त्याच्यानंतर तू समोर आली का तोंड फिरवे. कसं सांगू?"

रत्नमाला तिथंच अंगणात खाली बसली. मघाशी गिरणीच्या दारात बसली होती त्याहून जड. मघाशी तिला समजलं होतं की आपण एका माणसाचं वाटोळं केलं. आता समजत होतं की आपल्या माणसाचे शेवटचे शब्द इथं, एका हाकेवर, या घरात होते, आणि ते आपल्यापर्यंत येऊ नयेत याची तजवीज आपणच केली.

"काय म्हनत होता?"

"पानी मांगतलं. ड्रायव्हरच्या बाटलीतलं पाजलं. मंग म्हने सायकल रस्त्यात पडली काय, कोनाची गाडी जाईन वरून. मी म्हनलं ट्रालीत टाकली, काही फिकर नको करू. मंग..." गोपीचंद अडखळला. कपाळावर हात चोळू लागला. "मंग काय म्हने बाप्पा तो... पायातला बूट का काय..."

"बूट नंतर," गंगू म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या तोंडावरचा राग तसाच होता. "त्याले आता नीट याद नाही. मले इचार. सुरवातीले रोज रात्री मलेच सांगे थो, अक्षर न् अक्षर." ती रत्नमालासमोर, हातभर अंतरावर बसली आणि तिच्याकडं न बघता सांगू लागली. "सायकलीचं इचारल्यावर म्हने, रत्नाले निरोप नका धाडू. थे घाबरते. मी घरी गेल्यावर सांगन. मंग बुटाचं म्हने, येक बूट कुठी गेला. मंग म्हने, गोपीचंद, तुह्या शर्टाले रगत लागून राह्यलं रे, गंगूवहिनी ओरडीन. अन् रिठदचा फाटा गेल्यावर बोलला नाही."

मोहनसिंग सर केव्हाच फाटकाबाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले होते.

रत्नमालानं पुन्हा विचारलं, गंगूनं पुन्हा सांगितलं. पाणी किती प्यायला? दुखतं म्हणाला का? डोळे उघडे होते का? गंगूला जे ठाऊक होतं ते ती सांगत गेली, जे नव्हतं त्यासाठी नवऱ्याकडं बघत गेली. अंधार पडायला लागला तेव्हा गंगू उठली आणि म्हणाली, "जा आता घरी." तिनं या म्हटलं नाही, आणि येऊ नकोही म्हटलं नाही.

सर सात हजार देऊन सायकल घेऊन गेले. पुढच्या चाकापासून सोडवून तुटलेली नळी तेवढी रत्नमालानं ठेवून घेतली. पुढच्या रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर ती उभी राहिली आणि नळीचे दोन्ही तुकडे हातात धरून तिनं सगळं सांगितलं. कोर्टात आपण न बघता बोट दाखवलं हेही सांगितलं. मग जानराव उठला.

"थो मास्तर सायकल सात हजारात घेऊन गेला ना?" तो म्हणाला. "बाराची सातात. भाव पाडासाठी कोनी काहीबी सांगते, अन् तू आयकलं. माह्या भावाले त्यानंच मारलं."

"भाऊजी, भाव मी पाडला. थे दहा देत होते."

"मंग त येडीच हायेस तू," असं म्हणून जानराव चपला घालून निघून गेला. त्याच्यामागून चार-पाच जण गेले. बाकीचे बसून राहिले. काहींनी तुकडे हातात घेऊन बघितले. एक म्हातारी म्हणाली, आपल्याला तर आधीच वाटत होतं. रत्नमालाला तिचा संताप आला.

पुढच्या सुट्टीत राखी अकोल्याहून आली. फोनवर हे सांगायचं रत्नमालानं टाळलं होतं. रात्रीची भाकर झाल्यावर तिनं पोरीला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. राखी लहानपणापासून इंगोल्यांच्या घराकडं न बघता शाळेत गेलेली पोर. नळी तुटली होती हे ऐकून तिनं दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. जीपमधलं ऐकताना तिनं आईचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा बोलत होते?"

"हौ."

"माझं नाव घेतलं का त्यांनी?"

रत्नमालानं त्या संध्याकाळी शंभर गोष्टी विचारल्या होत्या. हे एक विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

"मी नाही इचारलं बाई," ती म्हणाली.

सकाळी गिरणी उघडायच्या आधीच दोघी इंगोल्यांच्या घराकडं निघाल्या.